आमचा ओएम : सुरतेतल्या एका हॅम मित्राची आठवण



गेल्या महिन्यात सुरतेत आमचा एक जुना मित्र गेला. ८१ पूर्ण होऊन काही महिने झाले होते. मूळचा अमळनेरचा, रेल्वेच्या नोकरीने १९६६ साली सुरतेत आला आणि इथलाच झाला. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' असं इथले लोक म्हणतात. त्याला जमण भरपूर मिळालं, मरणही सुरतेतच आलं, आणि काशीला गेला नाही याची त्याला काही खंत नव्हती.

तो हॅम होता, म्हणजे हौशी रेडिओवाला. हॅम लोकांत माणूस गेला की 'वारला' म्हणत नाहीत, 'सायलेंट की' झाला म्हणतात. की म्हणजे तारयंत्राची कळ. ती वाजायची थांबली, एवढंच. त्याचं नाव आणि कॉल साइन इथे लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. आम्ही त्याला 'ओएम' म्हणायचो. हे 'ओल्ड मॅन'चं लघुरूप. हॅम मंडळी एकमेकांना हेच म्हणतात, समोरचा विशीतला पोरगा असला तरी. तेव्हा इथेही तो ओएमच राहू दे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे आणि पोलिसांचा वायरलेसही नव्हे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात स्वतःचं यंत्र लावायचं आणि जगभरच्या अशाच परवानेवाल्यांशी बोलायचं. बोलायचं तोंडाने नाहीतर मोर्सच्या कट्ट-कडकट्टने. भारतात हे १९२१ पासून चालू आहे. पहिला परवाना मिळाला अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना, त्यांची खूण होती टू-जे-के. पुढे १९२९ पासून भारतीय हॅमच्या खुणेआधी 'व्हीयू' ही अक्षरं लागायला लागली, ती आजही आहेत. म्हणजे हा प्रकार आपल्या आकाशवाणीपेक्षाही जुना.

ओएमची नोकरी तारेचीच. सुरत स्टेशनच्या तारऑफिसात तो बसायचा. अमुक मालगाडी निघाली, तमुक ठिकाणी इतक्या वाघिणी रिकाम्या हव्यात, साहेब उद्या तपासणीला येत आहेत. दिवसभर हेच घ्यायचं आणि हेच पुढे ठोकायचं. ताप्ती लाइनवरच्या नंदुरबार-अमळनेरकडच्या तारबाबूंना तो नुसत्या हातावरून ओळखायचा. कोण डाह जरा लांबवतो, कोण घाईत अक्षर खातो, कोणाचं आज बिनसलंय, हे त्याला ऐकूनच कळायचं. एकदा तो म्हणाला होता, "दिवसाला शंभर निरोप माझ्या हातातून जातात. त्यातला एकही माझा नसतो."

मला वाटतं, हॅम परवान्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते यातूनच. त्याने परवाना काढला १९७४ साली. तेव्हा दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्दांचा मोर्स यावा लागे आणि पहिल्या श्रेणीला बारा. ओएम वीसच्या पुढे सहज जायचा, त्यामुळे हे त्याच्या डाव्या हातचं काम, असं आम्हाला वाटलेलं. प्रत्यक्षात तो दोन महिने घाम गाळत होता. रेल्वेच्या तारेत लोखंडी साउंडर असतो. तो खाली बसताना एकदा वाजतो, वर उठताना एकदा, आणि दोन आवाजांमधल्या वेळावरून डिट की डाह ते ओळखायचं. रेडिओवर मात्र शिट्टीसारखा सूर येतो, आखूड किंवा लांब. अक्षरं तीच, पण कान नव्याने घडवावा लागतो. "अहिराणी बोलणाऱ्याने पुण्याची मराठी शिकावी तसं आहे," असं तो म्हणायचा.

मग यंत्र. परदेशी यंत्र घेणं तेव्हा आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यावरचं आयात शुल्क माफ झालं ते १९८४ साली, तोवर बहुतेक हॅम आपलं यंत्र आपणच बांधत. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रलला उतरायचो आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठायचो. आता त्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी सामानाचे सुटे भाग तिथे तेव्हाही मिळायचे. ८०७ नावाचा एक दणकट काचेचा व्हॉल्व्ह असे, तो मिळाला की अर्धी लढाई जिंकली. दिवसभर घासाघीस करायची, उडप्याकडे डोसा खायचा, आणि संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने पिशवी मांडीवर घेऊन परत यायचं. पिशवी रॅकवर ठेवायची नाही, व्हॉल्व्ह फुटेल.

४० मीटर बँडची एरियल म्हणजे साधारण २० मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून तिथून खाली केबल आणलेली. आमच्या सोसायटीत दोन गच्च्यांमध्ये ती ताणली तेव्हा शेजाऱ्यांना आधी वाटलं कपडे वाळत घालायला आहे. मग परवान्याच्या चौकशीला पोलीस आले आणि कुजबूज सुरू झाली की हा माणूस नक्की करतो काय. ओएमने सगळ्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि सिलोनचं स्टेशन ऐकवलं. कुजबूज थांबली. खरा शत्रू वेगळाच होता. मागच्या गल्लीतले साचे सुरू झाले की त्यांच्या मोटरींची खरखर यंत्रात यायची, म्हणून तो पहाटे बसायचा. आणि उत्तरायणाला सुरती मांजा! सुरतेत ज्याने १४ जानेवारी पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. दरवर्षी १२ तारखेला आम्ही तार उतरवायचो आणि वासी उत्तरायण झाल्यावर पुन्हा चढवायचो. एका वर्षी उतरवायची राहिली, तर तारेवर सतरा पतंग लटकले आणि सोसायटीतली पोरं आठवडाभर ओएमच्या मागे.

मी त्याच्याच घरी मोर्स शिकलो आणि काही वर्षांनी परवानाही काढला. त्याच्या पहिल्या दिवसांतला एक संवाद मला अजून आठवतो. दक्षिणेतल्या एका हॅमने विचारलं, "क्यूटीएच?" म्हणजे ठिकाण कोणतं. ओएम म्हणाला, "हा प्रश्न मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. आपण गाव आधी विचारतो, मग आडनाव, मग कोणाचे कोण." पण रेडिओवर गावानंतरचे प्रश्नच नसतात. आडनाव नाही, जात नाही, हुद्दा नाही. समोर कर्नल असो, गॅरेजवाला असो की राजा, फक्त कॉल साइन आणि ओएम. जॉर्डनचे राजे हुसेन हॅम होते, त्यांची खूण जे-वाय-वन. ती ऐकू यावी म्हणून आमचा ओएम कित्येक रात्री कान लावून बसला. शेवटपर्यंत योग आला नाही. पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते, व्हीयू-टू-आर-जी. आपल्या खानदेशी तारबाबूचा परवाना आणि पंतप्रधानांचा परवाना एकाच नियमाखालचा, याची त्याला फार मौज वाटायची.

मराठी हॅम भेटला की ओएम सांगायचा, "सुरतेहून बोलतोय. या खेपेला लुटायला आलो नाही, राहायलाच आलोय." १६६४ आणि १६७० नंतर सुरतेतल्या मराठी माणसाला हा टोमणा ऐकावाच लागतो. तो आधी आपणच मारून मोकळा व्हायचा.

आता या छंदाचा सगळ्यात गमतीचा नियम सांगतो. हॅमने काय बोलायचं, यावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे. २००३ पर्यंत नियम असा होता, यंत्राबद्दल बोला, प्रयोगाबद्दल बोला, आणि स्वतःबद्दल बोलायचंच असेल तर इतकं बिनमहत्त्वाचं बोला की त्यासाठी तार किंवा फोन करण्याचीसुद्धा गरज नव्हती. धंद्याचं नाही, राजकारणाचं नाही, धर्माचं नाही. दुसऱ्या कोणाचा निरोपही पोचवायचा नाही. अपवाद फक्त संकटाचा.

म्हणजे बघा. नोकरीत ओएम फक्त दुसऱ्यांचे निरोप ठोकायचा, स्वतःचा एकही नाही. घरी आला की फक्त स्वतःचं बोलायची मुभा, तेही बिनमहत्त्वाचं. आणि त्याला याहून जास्त काही नको होतं. सुरतेत आज ऊन आहे, पहिला पाऊस झाला, कोजागिरीचं दूध काल झालं आणि आज चांदनी पडवो म्हणून घारी खातोय. घारी म्हणजे काय हे त्याने कोणा परदेशी माणसाला मोर्समध्ये समजावलं होतं. पंधरा मिनिटं लागली. शेवटी सेव्हन थ्री. ७३ म्हणजे 'शुभेच्छा', तारबाबूंचा जुना संकेत. मोर्समध्ये तो डाह-डाह-डिट-डिट-डिट, डिट-डिट-डिट-डाह-डाह असा वाजतो, उलटा वाजवला तरी तोच.

बोलणं झालं की दोन्ही बाजूंनी पोस्टकार्ड पाठवायचं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. ओएमकडे बुटांची अकरा खोकी भरून कार्डं आहेत. त्यातल्या कित्येक कार्डांवरचे देश आता नकाशावरच नाहीत. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया. सोव्हिएत हॅमची सगळी कार्डं मॉस्कोच्या बॉक्स नंबर ८८ मधून यायची, मग तो माणूस ताश्कंदचा असो की सैबेरियाचा. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, लोक गाड्यांना लोंबकळून गाव सोडत होते. ओएमची स्टेशनवरची ड्यूटी चुकली नाही. त्या आठवड्यात युरोपातल्या एकाने बोलणं झाल्यावर विनवलं, "कार्ड मात्र सध्या पाठवू नकोस." ओएमने ते मनाला लावून घेतलं नाही. सहा महिन्यांनी कार्ड पाठवलं आणि मागे लिहिलं, 'उन्हात वाळवलेलं आहे.'

गेल्या वर्षी मुलीने त्याचं सहस्रचंद्रदर्शन केलं. ओवाळताना तो म्हणाला, "चंद्र हजार झाले असतील, पण मी सूर्य मोजतो. पाच झाले." सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. डाग वाढले की पृथ्वीभोवतीचा विद्युतभारित थर दाट होतो, आणि लघुलहरी त्यावर आपटून फार दूरवर जातात. पाच वॅटवर अमेरिका ऐकू येते. डाग कमी झाले की मोठ्या यंत्रालाही शेजारचं राज्य दूर वाटतं. १९७९-८०, १९८९, २००१, २०१४ आणि आता २०२४, अशा पाच भरत्या त्याने पाहिल्या. पाचवीत ऐकू कमी यायला लागलं होतं, तरी मोर्स यायचा. "कानाचा आवाज गेलाय, ताल गेला नाही," असं म्हणायचा.

या सगळ्यात त्याचा एक लाडका विषय होता, तो इथल्या मराठी मंडळींना सांगायलाच हवा, कारण तो सुरतेचाच आहे. उषा मेहता. १९२० साली सुरतेजवळच्या सरस गावात जन्मलेल्या. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत सगळे पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा विशीतल्या उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. चोरून, जागा बदलत बदलत. ऑगस्टअखेरीस तो सुरू झाला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी धाड घालून बंद पाडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्यात होत्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, १९९८ साली पद्मविभूषण मिळालं, आणि २००० साली त्या गेल्या. अलीकडे त्यांच्यावर सिनेमाही आला.

ओएम मला एकदा स्कूटरवरून सरसला घेऊन गेला होता. काही बघायला नाही, नुसतं गाव बघायला. परत येताना चहाच्या टपरीवर त्याने बिलाच्या मागे हिशोब मांडला. काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा. त्याची फ्रिक्वेन्सी काढली तर ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे आमचा ४० मीटर बँड! जिथे तो रोज पहाटे ऊन-पावसाच्या गप्पा मारायचा, तिथेच सुरतेकडची ही मुलगी रात्री बोलायची.

"पण यंत्र कोणी बांधलं?" त्याने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. बांधणाऱ्यांत नरीमन प्रिंटर नावाचा मुंबईचा पारशी गृहस्थ होता. तो हॅम होता, व्हीयू-टू-एफ-यू. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हॅम लोकांना प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करायला लावले होते. याने पूर्वी 'आझाद हिंद रेडिओ' चालवून बघितला होता आणि पकडला गेला होता. बेचाळीसमध्ये पुन्हा त्याचीच विद्या कामी आली. सामानाची मदत शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून झाली. सभांमधल्या लाउडस्पीकरवर ज्यांची पाटी दिसायची तेच मोटवानी. ओएम म्हणाला, "उषाबेनचं नाव राहिलं ते बरोबरच आहे, तिने तुरुंग भोगला. पण बोलणाऱ्याचं नाव राहतं, जोडणाऱ्याचं नाही. आमचं खातं पहिल्यापासून असंच आहे."

हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नव्हता. तारबाबूने आपल्या खात्याची रीत सांगावी तसं बोलला.

२६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं. देशभरातले हॅम कच्छमध्ये जाऊन तंबूत बसले आणि निरोप पोचवू लागले. ओएमला रजा मिळाली नाही. तो घरूनच त्यांचं ऐकत बसायचा, मधल्यामध्ये कोणाला कोणाचं नीट ऐकू आलं नाही तर पुढे द्यायचा. जाता आलं नाही ही हळहळ त्याला बरीच वर्षं होती. २००३ साली तो निवृत्त झाला. आणि मग २००६ आलं.

सुरतेतल्या माणसाला ७ ऑगस्ट २००६ नंतरचे दिवस सांगावे लागत नाहीत. उकाईतून पाणी सोडावं लागलं आणि तापी शहरात शिरली. अडाजण, रांदेर, चौक, अठवा, जिकडे बघावं तिकडे पाणी. वीज गेली, मोबाइलचे टॉवर मुके झाले, लँडलाइन तर पाण्यातच. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. मी कामासाठी मुंबईला गेलो होतो तो तिथेच अडकलो, गाड्या बंद. आई ७८ वर्षांची, घरी एकटी, आमचं घर तळमजल्यावर. फोन लागेना. दोन रात्री मी मुंबई सेंट्रलच्या बाकावर काढल्या, कोणी सुरतेहून आलेलं दिसतंय का ते बघत.

९ तारखेला सकाळी माझा मोबाइल वाजला. अनोळखी आवाज, पुण्याचा. "तुम्ही मला ओळखत नाही. सुरतेहून तुमच्यासाठी निरोप आहे. तुमच्या मातोश्री वरच्या मजल्यावर मित्राकडे आहेत. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबलंय. रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर घेतल्या आहेत." एवढं सांगून तो म्हणाला, "मला पुढचे फोन करायचेत," आणि फोन ठेवला.

झालं असं की पाणी चढायला लागलं तेव्हा ओएमने एका शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी काढून वर आणली. तार तर ताणलेली होतीच. गच्चीच्या जिन्याखाली, छत्री धरून, त्याने मोर्समध्ये हाक घातली. आवाजापेक्षा मोर्सला वीज कमी लागते आणि खरखरीतूनही तो पार होतो. पुण्याच्या एका हॅमने ती ऐकली. सुरत-पुणे सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, ४० मीटरला दिवसा अगदी सोयीचं. मग सोसायटीतल्या एकेका घराचा निरोप आणि फोन नंबर ओएम ठोकत गेला आणि पुण्याचे गृहस्थ फोन लावत गेले. नियमातला संकटाचा अपवाद त्या दिवशी कामी आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप ठोकणारा हात आणि हौशीचं यंत्र, दोन्ही एकाच कामाला लागले.

त्या पुण्याच्या गृहस्थांना मी पुढे जाऊन भेटलो, त्यांच्याकडे जेवलो. ओएम त्यांना जन्मात कधी भेटला नाही. त्या दोघांमध्ये एक कार्ड काय ते आलं-गेलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तपशील कळला तो आता. तेरावा झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि कपाट उघडलं. आत २३ लॉगबुकं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पन्नास वर्षं हा माणूस रोज पहाटे कोणाशी काय बोलत होता, ते मला एकदा वाचून दाखवा. मला त्या खुणा कळत नाहीत." त्या खोलीत दोन घड्याळं आहेत, एक आपलं आणि एक साडेपाच तास मागे. हॅम लोक जगभर एकच वेळ लिहितात. घरातली पोरं त्याला लंडनचं घड्याळ म्हणायची.

मी वाचत गेलो. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन, आवाज कसा आला त्याचे आकडे, शेवटी शेरा. शेरे दोन-दोन शब्दांचे. 'पाऊस.' 'त्याला नात झाली.' 'घारी समजावली.' वहिनी हसत होत्या. "एवढंच? मला वाटलं केवढं काय बोलतात."

मग ९ ऑगस्ट २००६ चं पान आलं. शेऱ्याच्या रकान्यात घरांचे नंबर. 'ए-४ ओके.' 'बी-२ ओके, इन्सुलिन हवं.' आणि वेळ शून्य-चार-बारा, म्हणजे आपले सकाळचे ९.४२, 'बी-३ आई ओके, मुलाला कळवा.' त्याखाली शून्य-चार-एकतीसला, 'मुलाला कळलं.' एकोणीस मिनिटं. मी दोन रात्री बाकावर बसलो होतो आणि हाक पोचल्यावर निरोपाला लागली फक्त एकोणीस मिनिटं.

वहिनींनी विचारलं, "आणि आमच्या नागपूरच्या लेकीला?" मी पान उलटलं. सगळ्या घरांची यादी संपल्यावर, त्यांनी पुन्हा दिलेले दुसरे निरोप संपल्यावर, अगदी खाली होतं. वेळ बारा-शून्य-सहा, म्हणजे संध्याकाळचे ५.३६. 'आमचेही ओके. नागपूरला कळवा.' वहिनी जरा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "सकाळी मी त्यांना विचारलं होतं, लेकीला कळवलंत का. 'लाइनीत आहे,' म्हणाले. मला वाटलं पुण्याची लाइन बिझी असेल."

तारऑफिसात हाच शिरस्ता. तारबाबूचं स्वतःचं काम असेल तर ते सगळ्यांचं झाल्यावर. त्याने तो घरीही मोडला नाही. लेकीला त्या दिवशी आठ तास जास्त काळजीत काढावे लागले, हेही तितकंच खरं. वहिनींना ते आवडलं की नाही, मी विचारलं नाही. पण ती वही त्यांनी मला परत दिली नाही, स्वतःच्या पोथ्यांच्या फळीवर ठेवली.

१४ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी ओएम रांगेत उभा राहून वहिनींना तार करून आला होता. नोकरीची सदतीस वर्षं तारेत काढलेल्या माणसाने स्वतःच्या नावाने केलेली ती बहुधा पहिलीच तार. मजकूर तीन शब्दांचा, 'जेवायला घरी येतो.' तीसुद्धा आम्हाला लॉगबुकात घडी घालून ठेवलेली सापडली.

मंडळी, हे सगळं लिहिण्याचं एक व्यावहारिक कारणही आहे. आपल्या सुरत, नवसारी, बडोद्याकडच्या कितीतरी मराठी घरांत रेल्वेतले, टपाल-तारेतले, टेलिफोनमधले आजोबा होऊन गेले. कोणी तार ठोकली, कोणी सिग्नल दिला, कोणी रात्रभर एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून दुसऱ्यांची बोलणी जोडली. त्यांच्या वह्या, डायऱ्या, कार्डं माळ्यावर पडलेली असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. वरून बघितलं तर त्यांत नुसते आकडे असतात. पण एखाद्या पानावर, एखाद्या पुराच्या किंवा दंगलीच्या दिवशी, कोणाच्या तरी आईचा निरोप असतो. टाकण्याआधी एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या.

आणि घरात हॅमचं यंत्र असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका, नेटवरही विकायला टाकू नका. यंत्र परवान्यावर असतं आणि परवाना त्या माणसाबरोबर संपतो. ते दुसऱ्या परवानेवाल्या हॅमलाच द्यायचं. ओएमचं यंत्र आम्ही एका कॉलेजातल्या मुलीला दिलं, नुकतीच परीक्षा पास झाली आहे. मोर्स तिला अजून हळूच येतो. खोकी आणि बाकीच्या वह्या मी घरी आणल्या आहेत. रोज थोडं थोडं करून नव्या वहीत उतरवून घेतोय, १९७४ पासून. सध्या १९८१ चालू आहे.

सगळ्यांना सेव्हन थ्री.